इंजिन कोठवर उघडावें?

जुनी वस्तु ठेवावी कीं टाकावी, हा वाद बहुतेक घरांत केव्हां ना केव्हां होतोच, आणि तो मिटतोही लवकर. एक पक्ष वाडवडिलांची आठवण काढतो, दुसरा खर्चाचा आंकडा पुढें करतो, आणि ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याचा पैसा अधिक, त्याच्यासारखें होतें. पण वस्तु ठेवावयाची असें एकदां ठरल्यावर जो दुसरा प्रश्न उभा राहतो, तो याहून पुष्कळ अवघड आहे. तो प्रश्न असा, कीं दुरुस्ती कोठवर करावयाची? भिंतीचा गिलावा सुटला म्हणून गवंडी बोलवावा, तर तो टिचकी मारून भिंतच पोकळ असल्याचें दाखवितो. भिंत उतरवावयास घ्यावी, तर तिच्यावर टेकलेली तुळई किडलेली निघते. आणि तुळई बदलावयाची म्हटली कीं वासे, रिपा, कौलें सगळेंच खालीं येतें. एका कामानें दुसऱ्या कामाचा हात धरून त्याला घरांत आणावें, असा हा प्रकार आहे. मध्येंच कोठें तरी 'आतां पुरे' म्हणावें लागतें, आणि तें कोठें म्हणावें हें सांगणारें शास्त्र अद्यापि कोणीं लिहिलेलें नाहीं.

गेल्या वर्षीं आमच्या घरांत हा प्रश्न एका ट्रकच्या इंजिनाच्या रूपानें आला आणि पावसाळाभर मुक्कामाला राहिला. यंत्रांची आवड नसलेल्या वाचकांनीं एवढ्यावरून पान उलटूं नये, अशी विनंति आहे. त्या इंजिनाच्या पोटांत जें कांहीं सांपडलें, त्यांतील निम्में आमच्या घराच्याच इतिहासाचें होतें.

ट्रक शेव्हर्लेटचा, दीड टन भार वाहणारा. आजोबांनीं तो १९४९ सालीं मुंबईस जाऊन घेतला. अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं शिवडी येथें मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता; सुटे भाग परदेशांतून बोटीनें यावयाचे आणि गाडी येथें उभी राहावयाची. १९५४ सालीं तो कारखाना बंद झाला. आमचें गांव रत्नागिरीच्या उत्तरेस, खाडीच्या कांठीं. त्या काळीं आमचा आंबा मुंबईस जावयाचा तो बोटीनें, आणि देशावर जावयाचा तो आंबा घाट चढून कोल्हापुरास. (आंब्यानें आंबा घाट चढावा, ही थट्टा आमच्या ओटीवर प्रत्येक मोसमांत एकदां तरी व्हावयाचीच.) कोंकण रेल्वे पुरती सुरू झाली ती १९९८ सालीं, त्यापूर्वीं घाटापलीकडच्या पेठेशीं आमचा संबंध होता तो या ट्रकच्या चार-दोन टपांच्या आधारानें नव्हे, तर त्याच्या इंजिनाच्या भरंवशावर. माझे थोरले काका विसाव्या वर्षीं हा ट्रक चालवूं लागले, ते चाळिशी उलटेपर्यंत. आज त्यांना सत्त्याऐंशीवें वर्ष चालूं आहे.

१९७७ च्या सुमारास घरांत वांटणीची भाषा सुरू झाली. बोलणीं चार वर्षें चाललीं, एकदां वकिलाच्या पायरीपर्यंत जाऊन परत आलीं, आणि अखेरीस कांहींच न ठरतां थंडावलीं. या चार वर्षांत बाग सामाईक राहिली, विहीर सामाईक राहिली आणि ट्रकही सामाईक राहिला. पण बागेला राखणदार होता, विहिरीवर घरच्या बायका असत. ट्रकला मात्र मालक चार आणि वाली एकही नाहीं. ज्याचा माल असेल त्यानें पेट्रोल घालावें, अशी रीत पडली. पेट्रोलावांचून गाडी हालत नाहीं, म्हणून तें पडत गेलें. तेलाचें तसें नाहीं. इंजिनांतील तेल बदललें नाहीं म्हणून गाडी त्या दिवशीं अडत नाहीं, त्या महिन्यांतही अडत नाहीं. कमी पडेल तसें थोडें वरून ओतलें कीं भागतें. पुढच्या मोसमांत ट्रक कोणाच्या वांट्याला जाईल कोण जाणे, मग आपण कां खर्च करावा, असें प्रत्येकाला वाटलें असावें. तसें कोणी बोललें नसेल. असल्या गोष्टी बोलाव्या लागत नाहींत. १९८१ च्या मे अखेरीस ट्रक मांगरांत, म्हणजे बागेंतल्या आमच्या जांभ्याच्या कोठारांत, शिरला आणि पुढच्या फाल्गुनांत बाहेर आलाच नाहीं. तोंवर भाड्याचे डिझेल ट्रक मिळूं लागले होते आणि ते स्वस्त पडत.

ती राहिलेली वांटणी गेल्या ज्येष्ठांत झाली. ती शांतपणें झाली, याचें श्रेय नव्या पिढीला दिलें पाहिजे. मांगर आणि त्याखालची जागा धाकट्या चुलतभावाकडे गेली. त्याला तेथें आमरस डबाबंद करण्याचा लहानसा उद्योग काढावयाचा आहे. तेव्हां ट्रक हालविणें आलें. भंगारवाला येऊन वजनाचा अंदाज करून गेला. चुलतभावानें सरळ अट घातली, कीं ट्रक चालता झाला तर सर्वांनीं मिळून घरामागें त्याच्यासाठीं छप्पर घालावें. न झाला, तर दिवाळीपूर्वीं तो भंगारांत द्यावा. ही अट निष्ठुर होती असें मला वाटत नाहीं. मेलेल्या वस्तूला जागा देण्याची ऐपत आतां कोणाच्याच आवारांत उरलेली नाहीं. काका त्या वेळीं झोपाळ्यावर बसले होते. ते कांहीं बोलले नाहींत. थोड्या वेळानें त्यांनीं एवढेंच विचारलें, "वजन किती भरेल म्हणाला?"

येथें एक कायद्याची बाब सांगितली पाहिजे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठीं केंद्र सरकारनें २०२१ सालीं वेगळे नियम केले. पण ते दुचाकी आणि घरगुती मोटारींपुरते आहेत, मालवाहू ट्रक त्यांत बसत नाहीं. म्हणजे आमचा ट्रक सुरू झाला तरी तो घाट चढणार नव्हता, हमरस्त्यावरही येणार नव्हता. मांगरापासून घरापर्यंत आणि घरापासून बागेच्या टोकाला खाडी दिसते तेथवर, अशी फार तर अर्ध्या मैलाची त्याची दौड. ही मर्यादा आरंभीं आम्हां सर्वांना दुःखाची वाटली. पुढें तिचाच उपयोग झाला.

मतें तीन पडलीं. चुलतभावाचा मुलगा म्हणाला, बॅटरी लावावी, कार्ब्युरेटरांत थोडें पेट्रोल टाकावें आणि सुरू होतो कां पाहावें. झाला तर प्रश्नच मिटला. माझा पुतण्या पुण्यास मोटारींच्या धंद्यांत इंजिनियर आहे. त्याच्या मतें मिस्त्री लोक ज्याला 'फुल इंजिन' म्हणतात तेंच करणें योग्य: सिलिंडर नव्यानें बोअर करावे, पिस्टन अमेरिकेहून मागवावे, क्रँक घांसून घ्यावा, बेअरिंगें नवीं ओतून घ्यावीं. खर्च तीन लाखांच्या घरांत जाणार होता आणि त्यांतील निम्मा स्वतः सोसण्याची त्याची तयारी होती. तिसरें मत मिस्त्रींचें. हे रत्नागिरीचे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले. त्यांची उमेदवारी पेट्रोल ट्रकांवरच झालेली. ते म्हणाले, "आधीं खालून उघडूं. पुढें किती खोलायचें, तें इंजिनच सांगेल."

पहिल्या मताविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण तें सर्वांत स्वस्त असतें आणि म्हणून सर्वांत लोकप्रियही असतें. पुष्कळ जुन्या गाड्या अशा रीतीनें सुरू होतात, हें खरें आहे. परंतु आमच्या इंजिनाची घडण निराळी आहे. सहा सिलिंडरांचें आणि २१६ घन इंचांचें, म्हणजे सुमारें साडेतीन लिटरचें, हें इंजिन शेव्हर्लेट गाड्यांत १९३७ पासून १९५३ पर्यंत बसवीत असत. आजच्या इंजिनांत पंपाच्या जोरानें तेल प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोंचतें. या इंजिनांत मुख्य बेअरिंगांना तें तसें पोंचतें, पण कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला नाहीं. तेथें इंजिनाच्या तळाशीं, ऑइल चेंबरमध्यें, प्रत्येक रॉडखालीं एक पन्हळ केलेली असते आणि तींत तेल भरलेलें असतें. रॉडच्या टोकाला एक लहानशी पळी असते. रॉड खालीं आला कीं पळी पन्हळींतलें तेल उचलते आणि बेअरिंगला पाजते. वाचकांनीं संध्येची पळी डोळ्यांपुढें आणली तरी चालेल. इंजिन वेगांत असलें म्हणजे बारीक तोट्यांतून तेलाच्या चिळकांड्या पळीच्या तोंडावरच उडतात.

आतां या पन्हळींत तेलाऐवजीं घट्ट गाळ बसला असेल तर काय होईल? पळी गाळांत फिरेल, बेअरिंग कोरडें पडेल आणि त्याचा मऊ पांढरा धातू वितळून जाईल. त्या वेळीं चालकापुढचा तेलाचा कांटा मात्र सर्व ठीक असल्याचेंच दाखवीत राहील. कारण तो पंपाचा दाब दाखवितो, पळींत काय आलें तें त्याला ठाऊक नसतें. म्हणून 'सुरू करून तर पाहूं' ही परीक्षाच या इंजिनाचा प्राण घेण्याचा संभव होता. मिस्त्रींनीं मुलाच्या हातांतून बॅटरीची तार काढून घेतली ती यासाठीं.

चेंबर उतरविला तेव्हां काका खुर्ची टाकून शेजारीं बसले होते. आंतला गाळ ओतून काढण्यासारखा नव्हता, उलथन्यानें खरवडण्यासारखा होता. काळा, डांबरासारखा, दोन बोटें जाडीचा. दोन पन्हळी कांठोकांठ भरून गेल्या होत्या आणि एका तोटीचें तोंड पुरतें बुजलें होतें. काकांनीं चिमूटभर गाळ बोटांवर घेतला, अंगठ्यानें चोळला आणि म्हणाले, "हें सत्त्याहत्तरच्या दसऱ्याचें तेल आहे. मींच बदललें होतें." मग थोडे थांबून म्हणाले, "त्यानंतर कोणीं बदललें नाहीं. मींही नाहीं."

त्या चार वर्षांविषयीं काका आमच्यापुढें एवढेंही कधीं बोललेले मला आठवत नाहीं. ज्याच्या वडिलांशीं त्यांचा तंटा होता, तो चुलतभाऊ तेथेंच उभा होता. तो कांहीं बोलला नाहीं. खालीं बसला आणि उलथनें घेऊन पन्हळी खरवडूं लागला. सायंकाळपर्यंत तें काम त्यानें दुसऱ्या कोणाला करूं दिलें नाहीं.

इंजिन जाम झालेलें होतें. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत रॉकेल आणि पातळ तेल यांचें मिश्रण घातलें आणि तें मुरूं दिलें. या कामीं घाई करणारांनीं चांगलीं इंजिनें मोडलेलीं आहेत. स्टार्टरचा झटका दिला तर गंजानें चिकटलेली रिंग सुटण्याऐवजीं तुटते. आम्ही मागचें एक चाक जॅकवर उचललें, गाडी टॉप गिअरमध्यें घातली आणि रोज सकाळ-सायंकाळ तें चाक हातानें पुढेंमागें रेटीत राहिलों. आठ दिवस तें दगडासारखें होतें. नवव्या दिवशीं बोटभर सरकलें, आणि घरांतलीं मुलें पाऊस अंगावर घेत ही बातमी सांगावयास धांवलीं.

चेंबर स्वच्छ करून, नवें तेल भरून, स्टार्टरनें इंजिन नुसतें फिरवून प्रत्येक सिलिंडरांतला दाब मोजला. असल्या इंजिनांत तो ११० पौंडांच्या आसपास असावा. पांच सिलिंडरांत तो ८० ते ९० पौंड भरला; चौथ्यांत अवघा ३५. येथें मिस्त्री लोक एक साधी पण फार बोलकी परीक्षा करतात. सिलिंडरांत चमचाभर तेल टाकून दाब पुन्हां मोजावयाचा. आंकडा वाढला तर दोष रिंगांचा, कारण तेलानें त्यांच्या फटी घटकाभर बुजतात. न वाढला तर दोष बहुधा वरच्या व्हॉल्व्हचा. आमच्या पांच सिलिंडरांत आंकडा दहाबारा पौंडांनीं चढला; रिंगा झिजलेल्या होत्या, पण कामांतून गेलेल्या नव्हत्या. चौथ्यांत तो जागचा हालला नाहीं.

चौथाच कां, असें मुलांनीं विचारलें, आणि मला तो प्रश्न आवडला. इंजिन १९८१ सालीं ज्या क्षणीं थांबलें, त्या क्षणीं चौथ्या सिलिंडरचा एग्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता उघडा राहून गेला. आमच्याकडे वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि खाडीची खारी हवा बारा महिने असते. चाळीसहून अधिक पावसाळे त्या एका दारानें आंत शिरले. बाकीच्या सिलिंडरांच्या दारांना फटी होत्या, इतकेंच.

तेव्हां हेड काढणें भागच होतें, आणि तेथवर घरांत मतभेद झाला नाहीं. चौथ्याचा व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांना गंजाचे खड्डे पडलेले निघाले. व्हॉल्व्ह बदलला, बैठक कापून साफ केली. बाकीचे अकरा व्हॉल्व्ह पेस्ट लावून, घोटून बसविले. हेड उलथें ठेवून वाटांत रॉकेल ओतलें. रात्रभर थेंब गळला नाहीं. हेडला चीर नव्हती. मिस्त्रींनीं हातावरचें रॉकेल पुसतां पुसतां चहा मागितला, त्यावरून काम चांगलें झालें असें आम्ही ओळखलें.

खरी परीक्षा यानंतर आली. हेड निघालें म्हणजे सिलिंडर उघडे दिसूं लागतात, आणि उघडी वस्तु दिसली कीं माणसाचे हात शिवशिवतात. पुतण्या म्हणाला, "आतां हेड निघालेंच आहे, तर रिंगा तरी बदलून घेऊं." 'निघालेंच आहे, तर' हे शब्द ऐकावयास किती निरुपद्रवी वाटतात! घरबांधणींत आणि लग्नकार्यांत ज्यांनीं ते ऐकले असतील, त्यांना त्यांची किंमत ठाऊक आहे. सिलिंडर झिजतो तो रिंग जेथवर फिरते तेथवर. त्याच्या वरचा भाग मूळच्याच मापाचा राहतो आणि तेथें नखाला लागेल असा कांठ उरतो. जुनी रिंग त्या कांठाबरोबरच झिजलेली असते. नव्या रिंगेचा कोपरा धारदार असतो. तो कांठावर आपटतो आणि रिंग मोडते. म्हणून रिंगा बदलावयाच्या तर कांठ कापला पाहिजे. नवी रिंग बसण्यासाठीं सिलिंडरची गुळगुळीत झालेली भिंत खरवडली पाहिजे. इतकें करूनही वरचा आणि खालचा व्यास सारखा नसतोच, मग बोअरच कां करूं नये? बोअर केलें कीं मोठे पिस्टन हवेत. पिस्टन बदलावयाचे तर रॉड बाहेर येतात. आणि रॉड बाहेर आल्यावर त्यांचीं बेअरिंगें तशींच ठेवणें कोणत्या इंजिनियराला रुचेल?

मिस्त्रींनीं गेज घालून मापें घेतलीं. सर्वांत झिजलेल्या सिलिंडरांत फरक आठ थाउ निघाला. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दहाबारा थाउ झाल्यावर बोअर करावें, असा कारखान्यांतला जुना दंडक आहे. म्हणजे आमचें इंजिन नेमकें उंबरठ्यावर उभें होतें, आणि उंबरठ्यावरच्या माणसाला आंत घ्यावें कीं परत पाठवावें हें यजमानावर असतें.

बेअरिंगांची गोष्ट आणखी नाजूक. आजच्यासारखी तयार बेअरिंगें या रॉडांत बसवीत नाहींत. कथील, अँटिमनी आणि तांबें यांचा मिश्र धातु रॉडमध्यें ओततात आणि मग तो मापाला आणतात. हें काम हातीं असलेले कारागीर आतां थोडे राहिले आहेत. मिस्त्रींचें म्हणणें, कीं कारखान्यानें ओतलेला धातु अजून शाबूत असतां तो काढून, ज्याची पारख नाहीं असें नवें ओतकाम पदरीं घेणें शहाणपणाचें नव्हे. शिवाय झिजेची सोय घडविणारांनींच करून ठेवलेली होती. रॉडच्या टोपीखालीं दोन्ही बाजूंस पातळ पत्रे असतात. बेअरिंग सैल झालें कीं एखादा पत्रा काढावा, टोपी तितकी वर सरकते. काकांनीं चालकीच्या काळांत हें दोनदां केलें होतें. आम्ही तिसऱ्यांदां केलें. सहांपैकीं दोन रॉड सैल होते. त्यांचा एक एक पत्रा कमी केला आणि खडखड गेली.

पुतण्याच्या पक्षांत हट्ट होता असें मात्र वाचकांनीं समजूं नये. त्याचा एक मुद्दा असा होता, कीं त्यानें माझी झोप दोन रात्री उडविली. तो म्हणाला, "काका, मिस्त्री आज आहेत. आणखी दहा वर्षांनीं हें इंजिन कोणाला कळणार आहे? जें करावयाचें तें त्यांच्या हातून आतांच करून घेतलें पाहिजे." यावर खर्चाचें उत्तर देणें सोपें होतें. घराच्या छपराचें काम राहिलेलें आहे आणि त्यालाही सुमारें तेवढेंच लागणार आहे. पण तें त्याच्या मुद्द्याचें उत्तर नव्हतें, आणि मीं तें दिलें नाहीं.

उत्तर थोरल्या काकांकडून आलें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर सर्व मंडळी ओटीवर बसलीं असतां त्यांनीं पुतण्याला जवळ बोलाविलें. (त्यांना आतां कमी ऐकूं येतें, म्हणून महत्त्वाचें बोलणें असलें कीं ते दुसऱ्याला जवळ बसवितात आणि स्वतः मोठ्यानें बोलतात.) ते म्हणाले, "बोअर केलेल्या इंजिनाला पहिले पांचशें मैल रस्त्यावर, ओझें घेऊन, बेताबेतानें चालवावें लागतें. तेव्हां कोठें रिंगा सिलिंडरला बसतात. तूं तें अंगणांत कोठें करणार?"

पुतण्या गप्प राहिला, कारण बोलणें खरें होतें. नव्या रिंगा आणि नवी भिंत यांची सोयरीक भाराखालींच जमते. नुसतें उभ्या उभ्या मंदपणें चालविलेलें नवें इंजिन रिंगा न बसतांच गुळगुळीत होऊन जातें आणि जुन्यापेक्षां अधिक तेल पितें. आमच्या झिजलेल्या रिंगा झिजलेल्या सिलिंडरांशीं बत्तीस वर्षांच्या सहवासानें जुळलेल्या होत्या. अर्ध्या मैलाच्या कामाला तेवढें पुरेसें होतें. ज्या मर्यादेचें आम्हांला वाईट वाटलें होतें, तिनेंच पन्हळींतला गाळ कोणता आणि केवळ झीज कोणती, हें निवडून दिलें. गाळ, गंज, गळती हीं इंजिनाला मारणारीं. तीं काढलींच पाहिजेत. झीज ही त्याच्या वयाची. ती असूं द्यावी.

मग काकांनीं दुसरा प्रश्न विचारला, आणि तो सर्वांनाच होता. "सुरू झाल्यावर तेल कोण बदलणार?"

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. खरें सांगावयाचें तर तीन लाखांची गोष्ट निघाली होती तेव्हां ओटीवर इतकी शांतता पडली नव्हती. अखेरीस चुलतभावाचा मुलगा, तोच बॅटरीची तार घेऊन आलेला, म्हणाला, कीं महिन्यांतून एकदां इंजिन चालविण्याचें आणि तेलापाण्याचें तो पाहील. खर्चासाठीं चारी घरांनीं वर्षाला ठराविक रक्कम घालावी असें ठरलें. वांटणीनंतर सामाईक असें आमच्यांत दुसरें कांहीं राहिलेलें नव्हतें. त्यासाठीं नवी वही आणावी लागली. पुतण्यानें आपल्या वांट्याचें काम वेगळेंच शोधलें. प्रत्येक सिलिंडरचें माप, प्रत्येक रॉडखालीं किती पत्रे उरले, दाब किती भरला, हें सर्व त्यानें त्या वहीच्या शेवटच्या पानांवर मिस्त्रींकडून विचारून विचारून उतरून घेतलें. उद्यां कोणाला पुढचें काम करावयाचें झालें तर त्याला अंधारांत चांचपडावें लागूं नये, असें तो म्हणाला.

राहिलेलीं कामें झटपट झालीं. इंजिनाच्या कुशींतलीं पाण्याचीं पत्र्याचीं बुचें गंजून चाळण झालेलीं होतीं. तीं बदललीं आणि आंतला तांबडा चिखल पाण्यानें धुऊन काढला. पेट्रोलची टांकी आम्ही मुद्दामच जोडली नाहीं. आतांच्या पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतला ओलावा ओढतें आणि जुन्या रबराला फुगवितें. महिनेच्या महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या पोटांत तें ठेवणें बरें नव्हे. म्हणून पेट्रोल पंपाची रबरी पडदी आणि नळ्या नव्या घातल्या, एक लहान डबा टांगला, आणि काम झालें कीं तो रिकामा करावयाचा असा नियम केला. रंगाला हात लावला नाहीं. सर्व मिळून खर्च अडुसष्ट हजार आला.

दिवाळीला बारा दिवस असतां सुरू करण्याचा दिवस ठरला. प्रथम प्लग काढून, तेलाचा कांटा वर चढेपर्यंत इंजिन नुसतें फिरविलें. मग प्लग घातले. पहिल्या दोन खेपांना तें खोकलें. तिसऱ्या खेपेस लागलें. निळा धूर आला, आणि तो येणारच होता. धूर पातळ झाल्यावर इंजिन संथ चालूं लागलें. त्या गलक्यांत काका केव्हां उठून आले तें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. त्यांनीं मडगार्डवर तळहात टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मुलें त्यांच्या तोंडाकडे पाहत होतीं. ते मिस्त्रींना म्हणाले, "एक व्हॉल्व्ह ढिला वाजतो आहे. पुरतें गरम झाल्यावर बघा. एग्झॉस्टला तेरा थाउ, जास्त नको."

मिस्त्रींनीं पाहिलें, पांचव्याचा होता. त्या संध्याकाळीं ट्रक आपल्या पायांनीं मांगराबाहेर आला आणि घरामागें उभा राहिला. जुन्या गाळाचे जे कण उरले असतील ते नव्या तेलांत सुटून येतात, म्हणून पहिलें तेल लवकर बदलावें असें मिस्त्रींनीं बजावलें होतें. वहीच्या पहिल्या पानावर चुलतभावाच्या अक्षरांत तेवढीच एक नोंद आहे: तेल, पांच लिटर, पुढील बदल संक्रांतीस.